उरलेले ३६० पौंड: कौन्सिलच्या छोट्या ग्रँटचं एक प्रकरण

इंग्लंडमधल्या एका मध्यम गावात आमचं मराठी मंडळ आहे. साठेक कुटुंबं, गणपती, दिवाळी, पाडवा आणि उन्हाळ्यात एक पिकनिक, एवढाच आमचा व्याप. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, त्यांची स्वतःची वास्तू आहे, त्यांची गोष्ट वेगळी. आमच्यासारखी मंडळं व्हॉट्सॲप ग्रुपमधून उभी राहिलेली, हॉल भाड्याचा, स्पीकर कुणाकडून तरी आणलेला आणि हिशोब एका वहीत. २०२४-२५ ला मी खजिनदार होते आणि त्या वर्षी आम्हाला पहिल्यांदाच कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, छोटी ग्रँट मिळाली, १००० पौंड. वर्षाच्या शेवटी त्यातले १८२ पौंड आम्ही कौन्सिलला परत केले. ते परत करण्यावरून कमिटीत जे झालं ते मी इथे पूर्ण लिहितेय, कारण इतर गावांतल्या मंडळांमधून मला अजून फोन येतात आणि प्रत्येकाचा प्रश्न साधारण तोच असतो, की पैसे उरले तर काय करायचं.

आधी ग्रँट कशासाठी मागितली ते सांगते. आमच्याकडे बऱ्याच घरांत आई-बाबा आहेत, काही कायमचे राहायला आलेले, काही सहा महिन्यांसाठी येऊन जाणारे. मुलं-सुना कामावर, नातवंडं शाळेत, आणि डिसेंबरात दुपारी चारला अंधार. एक काकू मला म्हणाल्या होत्या, "अगं, सोमवार ते शुक्रवार मी दिवसभरात कुणाशी बोलते माहितीये का? त्या अलेक्साशी." ते ऐकल्यावर मला दोन दिवस काही सुचेना. त्यातून ठरलं की ऑक्टोबर ते मार्च दर बुधवारी सकाळी साडेदहा ते एक असा कट्टा चालवायचा, चहा, कॅरम, गप्पा आणि अधूनमधून खुर्चीवर बसून करायचे व्यायाम. एकूण २० बुधवार.

फॉर्म भरताना पहिलाच प्रश्न अडला, हे कोणासाठी आहे? आम्ही साहजिकच लिहिलं होतं "गावातल्या मराठी ज्येष्ठांसाठी". अर्ज पाठवायच्या आधी ग्रँट ऑफिसर बाईंना फोन केला ते फार बरं झालं, त्यांनी सरळ सांगितलं की हा सार्वजनिक पैसा आहे, तुमच्या सभासदांपुरता कार्यक्रम असेल तर बसत नाही, दार सगळ्यांना उघडं पाहिजे आणि ते उघडं आहे हे लोकांना कळायलाही पाहिजे. मग आम्ही लिहिलं की साठीच्या पुढच्या कुणीही यावं, मराठी आणि हिंदी बोलणारे स्वयंसेवक हजर असतील. लायब्ररीत आणि दवाखान्यात इंग्रजी पोस्टर लावले. खरं सांगायचं तर तेव्हा काही जणांना वाटलं की आपला कट्टा आपला राहणार नाही. झालं असं की एक गुजराती मावशी आल्या, त्यांच्या शेजारच्या पोलिश बाई आल्या, आणि बायको गेल्यापासून एकटे राहणारे एक इंग्रज आजोबा आले, ज्यांना आमच्या नागपूरच्या काकांनी कॅरम शिकवला आणि जानेवारीपासून ते वेळेच्या आधी येऊन बोर्डवर पावडर टाकून ठेवायला लागले.

दुसरं म्हणजे आरती. पहिल्या मसुद्यात सुरुवातीला छोटी प्रार्थना असं होतं, ते काढलं, कारण पूजाअर्चेला ही ग्रँट चालत नाही आणि ते अटीत स्पष्ट लिहिलेलं होतं. संक्रांत १४ जानेवारीला मंगळवारी होती आणि दुसऱ्या दिवशी कट्टा, तेव्हा तिळगूळ मात्र वाटला आणि तो चहापाण्याच्या खर्चात धरला, कारण तो आलेल्या प्रत्येकाला दिलेला खाऊ होता. फॉर्मवर त्याला तसंच म्हटलंय.

आता मंडळ म्हणून आमची पात्रता. कौन्सिलला तीन गोष्टी हव्या होत्या, मंडळाची लेखी घटना, मंडळाच्या नावाचं बँक खातं, आणि ज्येष्ठांसोबत काम म्हणून सेफगार्डिंगची पॉलिसी, म्हणजे येणाऱ्यांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम. चॅरिटी म्हणून नोंदणी त्यांनी मागितली नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाचं उत्पन्न ५००० पौंडांच्या वर गेलं की चॅरिटी कमिशनकडे नोंदणीचा प्रश्न येतो, आमचं त्याच्या खाली होतं. घटना आमच्याकडे होती पण त्यात मंडळ बंद झालं तर शिल्लक कुठे जाणार हे कलमच नव्हतं. आपल्याकडे मंडळ बंद होईल असा विचारही कुणी करत नाही, पण इथे ते कलम बघतातच, शिल्लक सभासदांनी वाटून घ्यायची नाही, तशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेला द्यायची. सभा बोलावून ठराव केला, घटनेत घातलं.

बँक खात्यानं मात्र घाम काढला. तोवर मंडळाचे पैसे आमच्या आधीच्या खजिनदारांच्या स्वतःच्या खात्यात असायचे, माणूस अत्यंत चोख, एक पेनी इकडची तिकडे नाही, पण कौन्सिल कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे टाकत नाही. कम्युनिटी अकाउंटसाठी एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज केला, ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं, अर्जाची शेवटची तारीख २८ जून होती. त्यात आणखी एक अट, दोन सह्या हव्यात आणि त्या दोघांचं नातं नको, एका पत्त्यावर राहणारे नकोत. आमच्याकडे अध्यक्ष आणि सेक्रेटरी नवराबायको होते. (मंडळांत हे सर्रास असतं, कारण काम करणारी घरं चारच असतात.) सेक्रेटरी ताईंना वाईट वाटलं, की आमच्यावर विश्वास नाही का? मी त्यांच्या घरी जाऊन बसले आणि म्हटलं ताई, ही अट तुमच्यासाठी नाहीये, ती सगळ्यांसाठी आहे, आणि उद्या कुणी बोट दाखवलं तर तुम्हालाच वाचवणारी आहे. शेवटी सह्या अध्यक्षांच्या आणि माझ्या ठरल्या.

बजेट असं होतं. हॉल तासाला १२ पौंड, अडीच तास, म्हणजे बुधवारचे ३०, वीस बुधवारांचे ६००. व्यायाम शिकवणाऱ्या बाई ३० पौंडांप्रमाणे आठ वेळा, २४०. चहा-बिस्किटं आठवड्याला ५ प्रमाणे १००. कॅरम बोर्ड, पत्ते वगैरे ६०. बरोबर १०००. सगळे दर व्हॅट धरून लिहिले, कारण आपल्यासारख्या मंडळांना व्हॅट परत मिळत नाही, तो आपलाच खर्च.

पहिली चूक सप्टेंबरमध्येच झाली आणि ती माझी होती. हॉलवाले म्हणाले की बुधवार पक्के हवेत तर दोन आठवड्यांचे पैसे आत्ता भरा, नाहीतर एक झुंबा क्लास मागतोय. मी ४ सप्टेंबरला ६० पौंड भरले. गणपती ७ तारखेला, त्या गडबडीत माझ्या डोक्यात एवढंच की हॉल जायला नको. ऑफर लेटर, म्हणजे ग्रँट मंजुरीचं पत्र, आलं १९ सप्टेंबरचं. आणि त्यात अट अशी होती की या पत्राच्या तारखेआधी केलेला किंवा कबूल केलेला कुठलाही खर्च या ग्रँटमधून करता येणार नाही. कट्टा ऑक्टोबरात सुरू होणार होता, हॉल ऑक्टोबरात वापरणार होतो, पण पैसे भरले ती तारीख पत्राच्या आधीची. मी ऑफिसर बाईंना विचारलं, त्या नाही म्हणाल्या, आणि कारणही सांगितलं, की ग्रँट म्हणजे जे आमच्या पैशाशिवाय होणार नाही त्यासाठी असते, तुम्ही ते आधीच केलं असेल तर त्याला आमच्या पैशाची गरज नव्हती असा अर्थ होतो. मला ते पटलं, पण ६० पौंड गणपतीच्या वर्गणीतून गेले आणि सभेत उभं राहून ते सांगायला मला जड गेलं. हॉलवाल्यांना दोन आठवडे थांबायला सांगितलं असतं किंवा मंजुरी मिळाली तरच, असं लिहून बुकिंग केलं असतं तर हे टळलं असतं.

पैसे २ ऑक्टोबरला खात्यात आले आणि ९ ऑक्टोबरला कट्टा सुरू झाला. पहिल्या दिवशी नऊ जण.

पावत्यांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण पैशाची भांडणं मोठ्या रकमांवरून होतात पण हिशोब फसतो तो दीड पौंडाच्या दुधावरून. चहाचं सामान आळीपाळीने कुणीतरी आणायचं. आणणारी आपलं घरचंही सामान त्याच फेरीत घेणार, साहजिक आहे. मग पावती यायची ती अशी, दूध, डायजेस्टिव्ह बिस्किटं, मग शाम्पू, मग कांदे, मग परत टी-बॅग्ज. मी पेनाने आपल्या ओळींवर गोल करायचे आणि बेरीज बाजूला लिहायचे, आणि तीन आठवड्यांनी बघते तर सुपरमार्केटच्या त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडायला लागलेली. नोव्हेंबरातल्या एका पावतीवर फक्त माझे पेनाचे गोल राहिले होते, आत काही नाही. ते ४ पौंड ३५ पेन्स मी ग्रँटमध्ये धरलेच नाहीत. त्यानंतर नियम केला, कट्ट्याचं सामान वेगळं बिल करून घ्यायचं, पावती हातात आली की लगेच फोटो काढून मला पाठवायचा, आणि कागद श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा जो कट्ट्यावर चहाच्या टेबलाखाली असायचा. काकूंनी त्या डब्यावर चिकटपट्टी लावून "पावत्या" असं लिहिलं. वहीत मी ग्रँटसाठी वेगळी पानं केली. बँक खातं एकच होतं, ते चालतं, पण कुठला पौंड ग्रँटचा आणि कुठला वर्गणीचा हे कुणीही कधीही विचारलं तर पाच मिनिटांत दाखवता आलं पाहिजे.

११ डिसेंबरला दहावा बुधवार झाला आणि त्याच आठवड्यात हॉलचा बॉयलर गेला. जानेवारीतही दुरुस्तीचं नाव नाही. थंडीत म्हाताऱ्या माणसांना बसवायचं कुठे? लायब्ररीत विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या आमची मीटिंग रूम बुधवारी सकाळी रिकामीच असते, फुकट वापरा. १५ जानेवारीपासून तिथे, लिफ्ट आहे, बसस्टॉप दारात, आणि माणसं वाढली. पुढचे दहाही बुधवार तिथेच झाले.

म्हणजे हॉलवर ग्रँटमधून लागले फक्त २४०. दहा बुधवारांचे ३००, त्यातले ६० आधीच बाद. सहाशेतले ३६० पौंड तसेच राहिले.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, २ तारखेला, कमिटी बसली. पाडवा त्या वर्षी ३० मार्चला, रविवारी. ग्रँटची मुदत ३१ मार्चपर्यंत. पाडव्याच्या कार्यक्रमाला साउंड सिस्टीमचं कोटेशन आलं होतं ३५० पौंड. आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की कुणाच्याही मनात येईल तेच सगळ्यांच्या मनात आलं, आणि अध्यक्षांनी ते बोलून दाखवलं, की मुदतीच्या आत आहे, मंडळाचाच कार्यक्रम आहे, ज्येष्ठ त्यालाही येतातच की, लावून टाका बिल. मी नाही म्हटलं. मग जे सुरू झालं ते दीड तास चाललं.

अध्यक्षांचं म्हणणं मला इथे नीट मांडायचंय कारण ते अप्रामाणिक अजिबात नव्हते. त्यांचे वडील जिल्हा परिषदेत होते. त्यांनी लहानपणापासून मार्चएंड पाहिलेला, ३१ मार्चच्या रात्री बारापर्यंत ऑफिसं उघडी, निधी खर्ची पडलाच पाहिजे, नाहीतर परत जातो. आपल्याकडच्या पेपरात दरवर्षी बातमी येते, "अमुक कोटींचा निधी अखर्चित", आणि ती नामुष्कीची बातमी असते. त्यामुळे पैसे परत करणं म्हणजे काम न केल्याची कबुली, आणि पुढच्या वर्षी हात आखडता, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. "आपण परत केले तर ते म्हणतील यांना गरजच नव्हती." दुसऱ्या एकांचं म्हणणं असं की १००० पौंड म्हणजे कौन्सिलच्या लेखी काहीच नाही, कोण बघायला येणारे?

याला उत्तर म्हणून मी ऑफर लेटर काढून वाचून दाखवलं. तिथे लिहिलेलं की ही रक्कम अर्जात दिलेल्या कामासाठी आणि अर्जात दिलेल्या बजेटप्रमाणेच वापरायची, बदल हवा असेल तर खर्च करण्याआधी लेखी परवानगी घ्यायची, न वापरलेली रक्कम परत करायची. पाडव्याचा कार्यक्रम तिकीट लावून होतो, सभासदांसाठी होतो, अर्जात त्याचा उल्लेख नाही. म्हणजे तारीख मुदतीत बसत असली तरी काम बसत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळी गल्लत इथेच होते असं माझं स्पष्ट मत आहे. खात्यात आल्यावर ते पैसे आपले झाले असं आपण धरतो. ते आपल्याकडे फक्त ठेवायला दिलेले असतात, एका ठरलेल्या कामासाठी.

कोण बघायला येणार, याचंही उत्तर आहे. इंग्लंडमधल्या कौन्सिलांना २०१५ च्या ट्रान्सपरन्सी कोडप्रमाणे स्वयंसेवी आणि सामाजिक संस्थांना दिलेल्या ग्रँटची यादी दरवर्षी जाहीर करावी लागते, कुणाला, कधी, किती, कशासाठी. आमच्या मंडळाचं नाव त्या यादीत येणार, कुणीही उघडून बघू शकतं. आणि हे असे पैसे कौन्सिलकडे मुबलक आहेत असंही नाही. आपली माणसं जिथे भरपूर राहतात त्या स्लावच्या कौन्सिलने २०२१ मध्ये सेक्शन ११४ ची, म्हणजे खर्चाला पैसे पुरत नाहीत अशी, नोटीस काढली, बर्मिंगहॅमने २०२३ मध्ये. ही नोटीस निघाली की कायद्याने करावंच लागतं तेवढं सोडून नवा खर्च थांबतो, आणि छोट्या ग्रँट तर कौन्सिलच्या मर्जीच्या, कायद्याने द्यायलाच पाहिजेत अशा नाहीत. आमचे साउंड सिस्टीमचे ३५० पौंड म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी गटाचे बारा आठवड्यांचे हॉलभाडे.

शेवटचा मुद्दा मी जरा घाबरत मांडला कारण तो धमकीसारखा वाटू शकतो. आमचं मंडळ नोंदणीकृत कंपनी किंवा चॅरिटी नाही, नुसती संघटना आहे. अशा संघटनेला कायद्याच्या नजरेत स्वतःचं वेगळं अस्तित्व नसतं. उद्या कौन्सिलने पैसे परत मागितले तर ते मंडळाकडे नाही, कमिटीतल्या माणसांकडे मागितले जाऊ शकतात, आणि करारावर सह्या अध्यक्षांच्या आणि माझ्या आहेत. यावर खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सेक्रेटरी ताईच म्हणाल्या, ज्यांना आधी सह्यांच्या अटीचं वाईट वाटलं होतं त्याच, की मग विचारूया ना, विचारायला काय जातं?

हेच खरं तर आधी सुचायला हवं होतं. आपण खर्च करायचा आणि मग बिल बसवायचं असा विचार करत होतो, विचारून खर्च करायचा हा पर्याय दीड तास कुणाच्याच डोक्यात आला नाही, माझ्याही नाही, मी नुसती नाही नाही म्हणत बसले होते.

त्याच रात्री बसून ईमेल लिहिला, ३ फेब्रुवारीला पाठवला. छोटा ठेवला. काय झालं (हॉल बंद, लायब्ररी फुकट), त्यामुळे किती उरतायत (३६०), आणि त्यातून काय करू इच्छितो. तीन गोष्टी विचारल्या. एक, माणसं वाढल्यामुळे चहाचा खर्च १०० च्या जागी १४० होईल, तो चालेल का? दोन, व्यायामाचे आठही वर्ग जानेवारीअखेर संपलेत, लोक विचारतायत, आणखी पाच घेऊ का, १५० पौंड? तीन, पाडव्याची साउंड सिस्टीम. तिसरी मी मुद्दाम लिहिली कारण कमिटीत ठरलं होतं की विचारायचं, आणि नाही हे उत्तर माझ्या तोंडून येण्यापेक्षा तिकडून आलेलं बरं.

उत्तर ११ तारखेला आलं. पहिल्या दोन्हींना हो, कारण काम तेच आहे, माणसं तीच आहेत, फक्त पैसे एका हेडमधून दुसऱ्यात गेले. तिसऱ्याला नाही, कारण ते वेगळं काम आहे, त्यासाठी पुढच्या फेरीत वेगळा अर्ज करा. आणि खाली एक ओळ, की जे उरतील ते परत करा, त्याचा पुढच्या अर्जावर परिणाम होत नाही. ती ओळ मी कमिटीच्या ग्रुपवर टाकली. अध्यक्षांनी अंगठा दाखवला आणि संध्याकाळी मला फोन करून म्हणाले, "बरं झालं विचारलंस." त्यांचा मोठेपणा आहे हा, मी तो मानते. पाडव्याला आम्ही लहान स्पीकर भाड्याने आणला, वर्गणीतून.

१९ फेब्रुवारी ते १९ मार्च असे पाच वर्ग झाले. याच काळात एक प्रसंग झाला तो सांगते. पुण्याहून मुलीकडे आलेले एक आजोबा, आयुष्यभर योग शिकवलेले, म्हणाले मी शिकवतो, बाहेरच्या बाईंना कशाला पैसे? काही जणांनी सुचवलं की मग मानधन त्यांनाच देऊ. ते व्हिजिटर व्हिसावर होते आणि व्हिजिटरला इथे काम करून पैसे घेता येत नाहीत, आपण मानधन म्हटलं म्हणून ते मानधन होत नाही. फुकटसुद्धा नियमित शिकवायचं तर सवलत आहे ती नोंदणीकृत चॅरिटीसाठी आणि तीही एकूण ३० दिवसांपर्यंत, आमचं मंडळ नोंदणीकृत नव्हतं. शिवाय शिकवणाऱ्याचा विमा लागतो. आजोबांना हे सांगणं अवघड होतं. ते समोरच्या रांगेत खुर्चीवर बसून सगळ्यांबरोबर हात वर करायचे आणि वर्ग संपला की बाईंना दोन गोष्टी सुचवायचे, ज्या त्या मन लावून ऐकायच्या. काही आजी-आजोबांना दुसरी भीती होती, की व्हिसावर "पब्लिक फंड घेता येणार नाही" असं लिहिलंय, मग हा चहा चालतो का? चालतो. त्या पब्लिक फंडांची यादी ठरलेली आहे, ती सरकारी भत्त्यांची आणि घरांच्या मदतीची आहे, कट्ट्यावर येऊन बसणं त्यात नाही.

एप्रिलमध्ये अखेरचा अहवाल. आपल्याकडचं उपयोगिता प्रमाणपत्र म्हणा ना, फक्त इथे आकड्यांसोबत माणसांबद्दलही विचारतात. किती लोकांना फायदा झाला या रकान्यात मी आधी ३७२ लिहिलं होतं, वीस बुधवारांच्या हजेरीची बेरीज. ऑफिसर बाईंचा फोन आला, ही वेगवेगळी माणसं आहेत की तीच परत परत आलेली? वहीत नावं मोजली तर माणसं ४३. दोन्ही आकडे लिहिले. ४३ हा आकडा ३७२ पुढे लहान दिसतो म्हणून एकाला तो लिहूच नये असं वाटत होतं, पण मला तो जास्त आवडला, कारण म्हातारी माणसं परत परत आली यातच कट्टा चालल्याचा पुरावा आहे. हजेरीची नावं आम्ही पाठवली नाहीत, कुणाच्या आईचं नाव आणि फोन नंबर कौन्सिलला द्यायची गरज नव्हती, त्यांनीही नुसते आकडेच मागितले होते.

खर्च असा झाला. हॉल २४०, व्यायाम तेरा वर्गांचे ३९०, चहा १४०, कॅरम आणि बाकीचं ४८. एकूण ८१८. उरलेले १८२ एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ऑफर लेटरवरचा नंबर रेफरन्समध्ये टाकून परत पाठवले, दोन सह्यांनी, आणि बँकेच्या त्या नोंदीची प्रिंट काढून वहीत चिकटवली.

करारात लिहिलंय की कागदपत्रं सहा वर्षं जपायची. श्रीखंडाचा डबा आमच्या घरी कपाटात वरच्या फळीवर आहे, आत पावत्या बुधवारप्रमाणे रबर लावून, आणि काकूंच्या "पावत्या" या चिकटपट्टीखाली मी दुसरी लावलीये, "३१ मार्च २०३१ पर्यंत टाकू नये". गेल्या महिन्यात नव्या खजिनदाराला घरी बोलावून तो उघडून दाखवला. त्याने पहिल्यांदा ती कोरी पावती उचलली, नुसते गोल असलेली, आणि विचारलं, ही काय आहे?